एकशे सत्त्याऐंशीवं पान

अण्णांनी पुस्तक कापलं तेव्हा मला रडू आलं होतं. चोवीस वर्षांची घोडी मी, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, नोकरीला लागून आठ महिने झालेली, आणि कारखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या घरात पुस्तकाला काय मान होता हे त्यांना कुठून ठाऊक असणार? माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. हाताला कायम ग्रीस. पण पुस्तक घ्यायचं झालं की आधी दोनदा साबण लावणार, टॉवेलला हात पुसणार, मगच उघडणार. रविवारी विहारातून वंदना करून येताना ते जुन्या पुस्तकवाल्यापाशी थांबले नाहीत असा रविवार मला आठवत नाही. आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर चढायचं. पान दुमडलेलं दिसलं की आम्हा भावंडांची खैर नसायची.

अशा घरातल्या मुलीसमोर एक पन्नाशीचा माणूस तीनशे पानांचं कोरं करकरीत पुस्तक टेबलावर उताणं टाकून, दाढीच्या ब्लेडनं त्याचा कणा सोलत बसला होता. सोलायच्या आधी त्यांनी हात मात्र जोडले. "क्षमा कर बाबा," असं त्या पुस्तकाला म्हणाले, आणि मग ब्लेड चालवलं.

अण्णा म्हणजे आमचे साहेब. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा ओतकामाचा कारखाना होता. पंचतारांकित हे नाव सरकारनं दिलेलं. आम्हाला तिथं तारा एकही दिसला नाही, दिसायची ती काळी वाळू, जी संध्याकाळी घरी जाऊन नाक शिंकरलं की पुन्हा भेटायची. त्या कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे तिघं. अण्णा, मी, आणि साताऱ्याकडून आलेला एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला अण्णा पहिल्या दिवशी 'पावणं' म्हणाले ते कायमचंच. तीन वर्षं झाली, त्याचं लग्न होऊन तो कोल्हापूरचा जावई झाला, तरी तो पावणंच राहिला. मला ते 'अक्काताई' म्हणायचे. वयानं त्यांच्या मुलीएवढी मी, पण एकेरी हाक कधी मारली नाही.

अण्णा हुपरीचे. घरात तीन पिढ्यांचा चांदीच्या पैंजणांचा धंदा. यांना भट्टीचा धूर सोसेना, सारखा खोकला, म्हणून शिकून कारखान्यात आले आणि हजेरीची कार्डं सांभाळता सांभाळता कॉम्प्युटरवर बसले. कोबॉल नावाची जुनी भाषा त्यांनी एका मशीनबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकातून एकट्यानं शिकून घेतली होती. कारखान्याचे पगार वीस वर्षं त्यांच्याच कोबॉलवर निघत होते आणि एकदाही चुकले नव्हते. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मात्र मान डोलवायचे.

तर पुस्तक. ते जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं होतं. ब्राउझरमध्ये चालणारी मोठी कामं जावात उभी करायला एक तयार चौकट मिळते, फ्रेमवर्क म्हणतात तिला, ती शिकवणारं पुस्तक. ते आमच्याकडे यायला कारण झाले धाकटे मालक. पुण्यात शिकून नुकतेच परतले होते. एके सकाळी आमच्या खोलीत येऊन उभ्या उभ्याच म्हणाले, "अण्णा, भंगारवाले, वाळूवाले दिवसभर फोन करतात. माल पोचला का, किती पास झाला, किती परत. हे सगळं त्यांना त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत करा. नाही जमलं तर पुण्याची एक कंपनी करून देणार आहे. मग हा विभाग ठेवण्यात अर्थ नाही, तुम्हाला आपण स्टोअर्समध्ये बसवू."

माझं आणि पावण्यांचं काय, ते बोललेच नाहीत, त्यावरून आम्ही समजलो. पावणं तर पांढरेफटकच पडले. माझ्या घरी आत्यानं स्थळं आणायला सुरुवात केलीच होती आणि नोकरी हा माझा एकमेव आडोसा होता.

अण्णा फक्त म्हणाले, "पुस्तक मागवा."

पुस्तक आलं ते एकच. दसऱ्याला साडेचार महिने. तिघांनी एकामागून एक वाचायचं म्हटलं तर दिवाळी उलटली असती. झेरॉक्स काढू म्हटलं तर अण्णांना झेरॉक्सवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून ते ब्लेड. पुस्तकाचे तीन वाटे झाले. पाया आणि डेटाबेस अण्णांकडे. मधली प्रकरणं, म्हणजे आलेल्या मागणीवर काम कसं करायचं ती, पावण्यांकडे. आणि शेवटी पडद्यावर काय दिसायचं, ती माझ्याकडे. प्रत्येक वाट्याला अण्णांनी स्वतः खळ लावून जाड पुठ्ठे चिकटवले, वर आमची नावं घातली, आणि एक नियम सांगितला. आपलाच वाटा वाचायचा. दुसऱ्याच्या वाट्यात नाक खुपसायचं नाही.

"असं कसं अण्णा?" मी म्हटलं. "सगळं सगळ्यांना यायला नको?"

"हुपरीत एक माणूस आख्खं पैंजण करत न्हाय, अक्काताई. एक घर तार ओढतंय, एक घर कड्या करतंय, एक जोडतंय, एक उजळतंय. तार ओढणाऱ्यानं उजळाय घेतलं की तार बी गेली आन् पैंजण बी गेलं."

गंमत म्हणजे त्या पुस्तकाचंही म्हणणं नेमकं तेच होतं. आलेली मागणी एकानं घ्यायची, काम दुसऱ्यानं करायचं, दाखवायचं तिसऱ्यानं, आणि कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही. ही गोष्ट अण्णांना पहिल्या प्रकरणातच सापडली आणि ते इतके खूष झाले की भिंग डोळ्यावरून काढायचं विसरून आमच्याकडे बघत राहिले. "ह्या पुस्तकवाल्यानं हुपरी बघितलीया," म्हणाले. "सांगत न्हाय, पण बघितलीया."

त्या भिंगाबद्दल सांगायला हवं. चांदीचं बारीक काम बघायला घरात असतं तसलं काळं, डोळ्याला लावायचं भिंग. ते लावून अण्णा पुस्तकातला कोड वाचायचे. स्वल्पविराम आहे की अर्धविराम, इंग्रजी एल आहे की एकचा आकडा, हे तपासल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाहीत. बाहेरचा माणूस खोलीत आला की त्याला वाटायचं, इथं दागिन्यांची पारख चाललीय.

नियम आणखी दोन होते. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक सीडी होती. पुस्तकातला सगळा कोड तिच्यात तयार, पाकिटाला सील. अण्णांनी ती तशीच लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. "कॉपी मारली की फाइल येती, अक्कल येत न्हाय. टायपा." टायपणे हे त्यांचं स्वतःचं क्रियापद. मग आम्ही टायपत बसलो. दुसरा नियम असा, की चालेपर्यंत पुस्तकातलं एक अक्षर बदलायचं नाही. पुस्तकात उदाहरण होतं ते पुस्तकांच्या दुकानाचं. त्यामुळे बाहेर वितळलेलं लोखंड ओतलं जात होतं आणि आत आम्ही तिघं अमेरिकेतलं एक पुस्तकांचं दुकान बांधत होतो. त्या दुकानात एकच गिऱ्हाईक, जॉन. दुकानात शिरायचं तर त्याचंच नाव टाकावं लागे. हळूहळू जॉन आमच्यातलाच झाला. सकाळी आल्या आल्या अण्णा विचारायचे, "जॉन आत गेला का?" गेटवरचा वॉचमनसुद्धा मला थांबवून विचारू लागला, की ताई, ते जॉनसाहेब कधी यायचेत, पास करून ठेवू का.

हुपरीच्या एसटीत अण्णांची खिडकीची जागा ठरलेली. मांडीवर वाटा, डोळ्यावर भिंग, आणि गाडी खड्ड्यात गेली की भिंग मांडीवर. कंडक्टर तिकीट फाडता फाडता चौकशी करायचा, "अण्णा, कितवा अध्याय?" त्याला वाटायचं, एखादा धर्मग्रंथ चाललाय. कारण घरी अण्णांचा रोजचा स्वाध्याय होता, ग्रंथाचं पान वाचल्याशिवाय ते सकाळचं दूधही घ्यायचे नाहीत, हे सगळ्या हुपरीला माहीत. अण्णांनीही त्याला दुरुस्त केलं नाही. "पाचवा," म्हणायचे. कंडक्टर बसल्या जागी हात जोडायचा आणि पुढच्या सीटकडे वळायचा.

दुसरी एक गोष्ट हुपरीला माहीत होती, ती आम्हाला हळूहळू कळली. सूर्य मावळला की अण्णांचं खाणं बंद. जैनांमध्ये पाळणारे पुष्कळ, पण अण्णांनी त्यात कामही घातलं होतं. साडेपाचला डबा उघडायचा, मालक समोर उभे असले तरी. चपाती, कांदा-लसणाशिवायची भाजी, आणि ती इतकी चवदार की मी पुढे आईला तशी करायला लावली. डबा धुतला की कॉम्प्युटरवर त्यांच्या बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं कापड टाकायचं आणि चालू लागायचं. दसरा जवळ आला, आम्ही घायकुतीला आलो, पण अण्णांचं कापड साडेपाचलाच पडायचं. "दिवसा सुचंना ते अंधारात काय सुचंल?" म्हणायचे. एकदा त्यांच्या कीबोर्डात मुंग्या शिरल्या. मी फुंकर मारायला गेले तर हात धरला. कीबोर्ड खिडकीत उपडा ठेवला आणि सगळ्या बाहेर पडेपर्यंत बसून राहिले. तोपर्यंत काम पावण्यांच्या मशीनवर. चाळीस मिनिटं गेली. मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी आम्ही तिघांचे तुकडे जोडले.

जॉनचं नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पडदा पांढरा झाला. चूक झाल्याचा संदेश नाही, तांबडी ओळ नाही, काही नाही. कोरं पान. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरं. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. चूक सांगितली असती तर शोधली असती, पण हे मुकाट्यानं कोरं पान पुढं करायचं. मी माझी पानं पहिल्यापासून पुन्हा टायपली. पावण्यांनी त्यांचा भाग टायपला. अण्णांनी भिंग लावून दोघांचं तपासलं. एकूण एक अक्षर पुस्तकाप्रमाणे होतं. अकरा दिवस आम्ही त्या कोऱ्या पानाकडे बघत होतो. सातव्या दिवशी पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन आमची खोली बघून गेला. टेबलं मोजली त्यानं.

शनिवारी पावण्यांचा संयम सुटला. पुढच्या गुरुवारी धाकट्या मालकांना दाखवायचं होतं. "अण्णा, सीडी काढा. लावतो, दोन मिनिटांत कळंल कुठं चुकलंय."

"न्हाय."

"अहो न्हाय काय? सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस राहिलेत!"

"न्हाय म्हणलं की."

मग मी बोलले. इतके दिवस साठलं होतं, ब्लेडपासूनचं. "अण्णा, तुम्हाला स्टोअर्समध्ये खुर्ची तरी आहे. आम्हाला घरी बसावं लागणार. तुमच्या हट्टापायी दोघांच्या नोकऱ्या जातील, त्याचं काही वाटतं का तुम्हाला?" आवाज चढला होता. बाहेरून डिस्पॅचचा क्लार्क डोकावून गेला.

अण्णांनी भिंग खिशात ठेवलं. रागावले नाहीत. चेहरा मात्र उतरला, आणि तो उतरलेला चेहरा मला पुढे कित्येक दिवस दिसत राहिला. कापड टाकता टाकता म्हणाले, "उद्या हुपरीला या. दोघं बी. आपापलं वाटं घिऊन या."

चार दिवस उरलेत आणि हा माणूस आम्हाला घरी बोलावतोय. मी जाणारच नव्हते. वडील म्हणाले, "मोठ्या माणसाला बोललीस ना? मग जा." गेले.

अण्णांचं घर म्हणजे एक लांबट खोली, मधोमध त्यांच्या वहिनींची भट्टी आणि भोवती चार बायका. आम्हाला चहा, अण्णांना दूध. अण्णा म्हणाले, "तुमास्नी जोड दावतो. तार बरी, कड्या बऱ्या, तरीबी पैंजण तुटतंय ते जोडावर तुटतंय. आपलं बी जोडावरच कायतरी हाय." म्हणजे अण्णांना चूक माहीत नव्हती. जोड बघून काही सुचेल, एवढ्याच आशेवर त्यांनी रविवार घालवला होता.

तेवढ्यात शेजारच्या घरातली बाई कड्यांची पुडी घेऊन आली. वहिनींची सख्खी धाकटी बहीण ती, त्याच गल्लीत दिलेली. तिनं पुडी दिली आणि वजनाचा आकडा सांगितला. वहिनींनी तो ऐकला न ऐकला, पुडी सोडून आपल्या काट्यावर टाकली आणि भिंग लावून काट्याकडे बघत बसल्या.

"म्या मोजून आणलंय की गं," बहीण म्हणाली.

"तू मोजलंस ते तुझं. घेतलं कुणी? म्या. मग म्या मोजाय नगं?"

"बहीण हाय मी तुझी!"

"बहीण हाईस म्हणून च्या दीन. काटा न्हाय सोडायची."

दोघी हसल्या. कुणाला राग नाही, रोजचंच असणार. पण अण्णांचा दुधाचा पेला तोंडापाशी गेला तिथंच थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"अक्काताई, तुमचा वाटा द्या. पावणं, तुमचा बी."

आणि ते पानं मोजायला बसले. बोटाला थुंकी न लावता, एकेक पान चिमटीत धरून, आकडा मोठ्यानं म्हणत. पावण्यांच्या वाट्याचं शेवटचं पान एकशे शहाऐंशी. माझ्या वाट्याचं पहिलं पान एकशे अठ्ठ्याऐंशी. ते पुन्हा म्हणाले, "शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी." भट्टीपाशी बसलेल्या बायकाही थांबल्या.

"सत्त्याऐंशी कुठं हाय?" वहिनींनी विचारलं. त्यांना जावा ठाऊक नव्हती, पण आकड्यांचा क्रम चांगला ठाऊक होता.

अण्णांनी माझ्या वाट्याचा पुठ्ठा बोटानं चाचपला. मग माझ्याकडं बघितलं. "पुठ्ठ्याखाली हाय," म्हणाले. "तुमचं पयलं पान ज्या कागदावर हाय, त्याच कागदाच्या पालथ्या अंगाला पावण्यांचं शेवटचं पान. दोन्ही एकाच कागदावर. म्या म्हणलं, ही बाजू अक्काताईची न्हाय, हिला पुठ्ठा लावू. खळ माझी, पुठ्ठा बी माझाच."

"पुस्तक फाडलंसा आन् मोजून दिलं न्हाय?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, चांदीवाल्याच्या घरात जल्मलासा न्हवं तुम्ही?"

अण्णांनी मान खाली घातली. कारखान्यातले मोठमोठे साहेब ज्यांच्यापुढे दबून बोलायचे ते आमचे अण्णा, भावजयीपुढे शाळेतल्या पोरासारखे बसले होते. आणि मला, सकाळपासून त्यांच्यावर जळफळणाऱ्या मला, त्यांच्याबद्दल एकदम इतकी माया दाटून आली की काय सांगू.

वहिनींनी भट्टीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. वाफेवर पुठ्ठा धरला. खळ सुटत गेली आणि त्याखालून एकशे सत्त्याऐंशीवं पान बाहेर आलं, किंचित सुरकुतलेलं, पण अक्षर शाबूत. जेमतेम अर्धं पान होतं. मधल्या प्रकरणाचा शेवट. लिहिलं होतं, की काम संपलं की ते पुढं कोणत्या पानाकडं सोपवायचं, त्या पानाचं नाव सेटिंगच्या फाइलीत न विसरता नोंदवा. नोंदवलं नाहीत तर सर्व्हर कुठलीही चूक दाखवणार नाही, फक्त कोरं पान दाखवेल.

पावण्यांनी ते दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांचं काम पूर्ण होत होतं, माझं पान तयार होतं, पण हे काम हिच्याकडं द्या असं कुणी सांगितलंच नव्हतं. अकरा दिवस ते पान माझ्याच पिशवीत माझ्याबरोबर कोल्हापूर-कागल करत होतं.

"अण्णा, काल मी जास्तच बोलले," मी म्हटलं.

"बोललासा ते बराबर बोललासा," अण्णा म्हणाले. "आता जेवून जावा. सूर्य हाय अजून."

सोमवारी सकाळी पावण्यांनी ती एक ओळ टायपली. बटण दाबायला मात्र तिघांपैकी कुणाचा हात होईना. शेवटी अण्णांनी दाबलं. पडद्यावर नऊ पुस्तकांची यादी आली आणि वरती जॉनचं स्वागत. पावण्यांनी टेबलावर मूठ आपटली. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पडद्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "गेला बाबा आत."

मग पुस्तकातलं अक्षर बदलायची परवानगी मिळाली. तीन दिवसांत आम्ही त्या अमेरिकेतल्या दुकानाचं ओतकाम केलं. पुस्तकांच्या जागी भंगार, वाळू, कोळसा. लेखकाच्या जागी पुरवठादार. साडेपाचच्या आत. अण्णांचं कापड एकही दिवस उशिरा पडलं नाही.

गुरुवारी धाकटे मालक आले. खरा पुरवठादार हवा म्हणून त्यांनी शिरोळच्या एका भंगारवाल्याला बसवलं. उसाच्या पट्ट्यातले मोडके ट्रॅक्टर, जुनी पाण्याची इंजिनं असला माल आणणारा, धिप्पाड, पांढऱ्या टोपीतला माणूस. त्यानं एका बोटानं आपलं नाव टाकलं. त्याचा माल आला, वजन आलं, किती पास, किती परत, सगळं आलं. तो बघतच राहिला. "आयला, फोन न करता?" म्हणाला. मालकांच्या चेहऱ्यावरही हसू फुटलं. मला वाटलं, जिंकलो. मग त्यानं बाहेर पडायचं बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. ती पुसायची आमच्याकडून राहून गेली होती. त्यानं मालकांना विचारलं, "काय म्हणतंय हे?"

मालकांनी वाचलं. "आमच्याकडे खरेदी केल्याबद्दल आभार. आपल्या पुस्तकांचा आनंद घ्या."

"पुस्तकं कुठली वो?" तो आमच्याकडं वळून म्हणाला. "मी तर भंगार घालतोय."

मी आणि पावण्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग धाकटे मालक जे हसत सुटले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भंगारवालाही हसला. हसू ओसरल्यावर मालकांनी विचारलं, "हे सगळं केलं कुणी?"

"तिघांनी," अण्णा म्हणाले. "एकाला इचारलंसा तर सांगता यायचं न्हाय. तिघं लागतोय."

मालकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं. पुण्याला नको म्हणून कळवतो." पावण्यांनी माझ्या पायावर पाय दिला, इतक्या जोरात की दसराभर मी लंगडत होते. आणि ती ओळ काढू का, असं मी विचारलं तर अण्णा म्हणाले राहू दे. राहिली. पुढं कित्येक वर्षं शिरोळ-इचलकरंजीचे भंगारवाले, वाळूवाले आपल्या मालाचा हिशेब बघून पुस्तकांचा आनंद घेत राहिले.

मी तिथंच टिकले. पावणं यथावकाश बंगळूरला गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. आत्याची स्थळं येत राहिली आणि त्यातलं एक, मला कारखाना सोडायला न सांगणारं, मी घेतलं. एक शंका मात्र माझ्या मनात कायम राहिली. अण्णा आमच्या दुप्पट वेगानं शिकायचे. तेव्हा मला वाटायचं, आम्ही गेल्यावर, छे, ते तर आमच्या आधीच जायचे, तर मग आम्ही यायच्या आधी सकाळी हा माणूस कपाट उघडून गुपचूप सीडी बघत असणार. किल्ली त्यांच्याकडंच होती. मी हे पावण्यांना एकदा बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले होते, मलाही तसंच वाटतं.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी साडेपाचला डबा खाल्ला, धुतला, कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि डब्याच्या पिशवीतून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "आता विभाग तुमचा," म्हणाले. "कपाट बघून घ्या." फाटकापर्यंत सोडायला येऊ नका म्हणाले, गाडी चुकेल. आणि खरंच भराभरा चालत गेले.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. वर सीडीचं पाकीट होतं. मी ते खिडकीच्या उजेडात नेऊन उलटसुलट बघितलं. सील शाबूत होतं. इतक्या वर्षांत कुणीही ते उघडलेलं नव्हतं, अण्णांनीसुद्धा. माझी मलाच लाज वाटली.

खाली पुस्तक होतं. तिन्ही वाटे पुन्हा एक केलेले, कण्याला जाड दोऱ्याची पक्की शिवण, आणि वर खाकी कागदाचं कव्हर. माझ्या घरी पुस्तकांना खाकी कव्हर असतं हे मी त्यांना कधी सांगितलं होतं कोण जाणे. वाफेनं सुरकुतलेलं ते पान शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशीच्या मधे आपल्या जागी बसलं होतं. शेवटच्या पानावर अण्णांच्या टोकदार पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "पाने मोजून दिली. घेणाऱ्याने मोजून घ्यावीत." खाली सही आणि तारीख.

मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतले. दोनदा साबण लावून. मग अण्णांच्या खुर्चीत बसले, पहिलं पान चिमटीत धरलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. गेटवरचा वॉचमन खोली बंद करायला येऊन दारात थांबला, मी हातानंच त्याला थांब म्हटलं. शेवटच्या पानापर्यंत मोजलं. सगळी होती. मग पेन्सिल घेतली, अण्णांच्या सहीशेजारी लिहिलं, "मोजून घेतली", आणि माझी सही केली.